मॉरिस स्टोक्सची तीन वर्षे

खेळाडू म्हटले की पैसा, नाव आणि टाळ्या, एवढेच आपल्या पोरांना माहीत. खेळ हीदेखील मजुरीच आहे आणि त्या मजुरीत माणूस मोडतो, हे कुणी सांगत नाही. म्हणून मॉरिस स्टोक्स या अमेरिकेतल्या काळ्या बास्केटबॉलपटूची हकीकत आम्ही घरात मोठ्याने वाचून दाखवली. तीच आज वाचकांपुढे ठेवतो आहोत.

मॉरिसचा जन्म १७ जून १९३३ चा, पिट्सबर्गजवळच्या रँकिन गावातला. बाप पोलादाच्या कारखान्यात, आई लोकांच्या घरी कामाला. असे घर आपल्याला समजावून सांगायला नको. शाळेत सुरुवातीची दोन वर्षे त्याला संघात धड जागा मिळाली नाही. पुढे उंची सहा फूट सात इंचांवर गेली आणि सेंट फ्रान्सिस या लहानशा कॉलेजात तो शिकायला लागला. १९५५ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या स्पर्धेत त्याचा संघ चौथा आला, पण सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड झाली ती मॉरिसचीच.

त्याच साली रॉचेस्टर रॉयल्स या व्यावसायिक संघाने त्याला घेतले. ज्या लीगमध्ये हा संघ खेळे, तिथे काळ्या खेळाडूंना १९५० पर्यंत प्रवेशच नव्हता. मॉरिसचा पहिला हंगाम चालू असताना, डिसेंबर १९५५ मध्ये, दक्षिणेत माँटगोमेरी शहरातल्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला. असा तो काळ. पहिल्याच सामन्यात पठ्ठ्याने ३२ गुण केले आणि २० रिबाउंड घेतले. रिबाउंड म्हणजे कड्याला लागून परत आलेला चेंडू गर्दीत उडी मारून हिसकावणे. दुसऱ्या हंगामात त्याने असे १,२५६ चेंडू घेतले, तो लीगचा विक्रम ठरला. १९५७ मध्ये संघ सिनसिनाटी शहरात गेला, मॉरिसही गेला.

१२ मार्च १९५८. मिनियापोलिसमधला सामना. बास्केटकडे झेपावताना मॉरिसला धक्का लागला, तो खाली आदळला, डोके जमिनीवर आपटले. शुद्ध गेली. नाकाशी औषध धरून त्याला शुद्धीवर आणले आणि पुन्हा खेळायला उतरवले!

हे वाचताना आम्ही थांबलो. आमच्या घरातले एक वडीलधारे माणूस गिरणीत असेच पडले होते. तोंडावर पाणी मारले, चहा पाजला आणि पाळी संपेपर्यंत साच्यावर उभे केले. पुढे महिनोन्‌महिने डोके धरून बसत. मुकादम म्हणे, ‘काही झालेलं नाही.’ मजूर काळा असो की आपला, त्याच्या डोक्याच्या आत काय झाले हे पाहायला कामावर कुणाला वेळ नसतो.

तीन दिवसांनी मॉरिस डेट्रॉइटला आणखी एक सामना खेळला. परतीच्या विमानातच त्याला झटका आला. मेंदूला झालेल्या इजेने सगळे अंग लुळे पडले, वाचा गेली. बुद्धी मात्र जागच्या जागी शाबूत. वय चोवीस. खेळून झालेले हंगाम तीन, सामने २०२.

आता दवाखान्याचा खर्च कोण करणार? त्या काळी लीगच्या खेळाडूंना आरोग्य विमाही नव्हता, पेन्शनही नव्हती. आईबाप दूर पिट्सबर्गला. बँकेतला स्वतःचा पैसा काढायला मॉरिसला सही करता येईना. तेव्हा संघातला जॅक ट्वायमन पुढे झाला. हा गोरा, तोही पिट्सबर्गचाच, वय २३. कोर्टात जाऊन तो मॉरिसचा कायदेशीर पालक झाला. ओहायो राज्याकडून त्याने मॉरिसला कामगार म्हणून नुकसानभरपाई मिळवून दिली. आमच्या मते सगळ्या हकीकतीत हेच मोठे काम. दया मागून चार पैसे जमवणे वेगळे, आणि कामावर जखमी झालेल्या माणसाचा हक्क म्हणून मिळवणे वेगळे. आपल्याकडे असा कायदा १९२३ पासून आहे. तरी किती बायांना तो ठाऊक असतो?

भरपाई पुरत नव्हती, म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या एका हॉटेलच्या मैदानावर दर उन्हाळ्यात मदतीचा सामना होऊ लागला. विल्ट चेंबरलेनसारखे मोठे खेळाडू त्यात उतरत. ट्वायमन स्वतः काही लहान खेळाडू नव्हता. १९५९-६० च्या हंगामात त्याची सरासरी ३१.२ गुणांची होती. सामने, प्रवास, विम्याची नोकरी, बायको-पोरे सांभाळून तो इस्पितळात जाई. बोलणे कसे व्हायचे? ट्वायमन एकेक अक्षर उच्चारी, हवे ते आले की मॉरिस डोळा मिचकावी. अक्षराला अक्षर जोडून शब्द. हळूहळू व्यायामाने बोटांत जीव आला, टाइपरायटरवर तो स्वतः लिहू लागला, चित्रे काढू लागला.

बारा वर्षे अशी काढून ६ एप्रिल १९७० रोजी हृदयविकाराने मॉरिस गेला. वय अवघे ३६. त्याच्याच इच्छेप्रमाणे त्याला कॉलेजच्या आवारातल्या दफनभूमीत पुरले. २००४ साली बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव लागले, तेव्हा त्याच्या वतीने तो मान घ्यायला सत्तर वर्षांचा ट्वायमन उभा राहिला. २०१२ मध्ये ट्वायमनही वारला. पुढच्याच वर्षापासून लीग सर्वोत्तम सहकाऱ्याला पुरस्कार देऊ लागली, त्याला या दोघांचे नाव आहे.