दोनदा मोजलेले संत्रे

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे शाळेचे पत्र आले तेव्हा प्रथम संकोच वाटला. माझ्या वर्गमित्रांपैकी कुणी तहसीलदार झाले, कुणी डॉक्टर, कुणी बँकेत अधिकारी. त्यांच्या कामाचा उपयोग समाजाला चटकन दिसतो. माझे तारुण्य मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या आणि जन्मताच नाहीशा होणाऱ्या कणांचा हिशेब करण्यात गेले. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात "सध्या काय करता?" असे कुणी विचारले की, "महाविद्यालयात शिकवतो," एवढेच उत्तर मी आजवर देत आलो. ते अपुरे उत्तर आज पुरे करावे, म्हणून हा लेख.

काटोलच्या परिसरातील एका खेड्यातून, एक पत्र्याची पेटी आणि एक सतरंजी घेऊन, मी पाचवीत या वसतिगृहात आलो. बाबा संत्र्याच्या बागांमध्ये मजुरी करीत. ते शाळेत गेले नव्हते. पण मोजणीत त्यांचा हात कुणी धरू शकत नसे. तोडणीच्या हंगामात फळांच्या राशीपुढे बसून ते दिवसभर संत्री मोजत आणि पेट्या भरून देत. व्यापारी आणि बागवान दोघेही त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवीत. मला वसतिगृहात सोडून जाताना त्यांनी गुरुजींना एवढेच सांगितले, "याले हिशेब शिकवा."

पहाटे उठणे, जाम नदीकडून येणारा गार वारा, ओळीत बसून वंदना आणि पंचशील, मग अभ्यास. हा दिनक्रम आपणा सर्वांना ठाऊक आहे. खोटे न बोलण्याचे चौथे शील आम्ही रोज म्हणत असू. त्या वयात त्याचा अर्थ, 'भाकरी जास्तीची घेतली असेल तर कबूल करावे,' इतकाच होता. त्याचा पुरा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली.

आठवीत असताना विज्ञानाच्या सरांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीतून एक उपकरण बनवले. बुचातून तांब्याची तार खाली सोडली आणि तिच्या टोकाला चहाच्या पुड्यातील चांदीच्या दोन पातळ पट्ट्या लटकवल्या. केसांवर घासलेला कंगवा तारेला लावला की पट्ट्या एकमेकींपासून दूर सरत. थोड्या वेळाने त्या आपोआप मिटू लागत. सर म्हणाले, "वीज कुठे गेली? पुस्तकात पाहू नका. विचार करा." आम्ही आठवडाभर विचार केला. मग सरांनी व्हिक्टर हेस या शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. अशीच उपकरणे घेऊन हेस १९१२ साली फुग्यातून पाच किलोमीटरहून अधिक उंचीवर गेला. वर जावे तशी वीज अधिक वेगाने गळते, असे त्याला आढळले. म्हणजे काहीतरी अंतराळातून येत होते. त्यालाच आपण विश्वकिरण म्हणतो.

त्या रात्री मी वसतिगृहाच्या गच्चीवर बराच वेळ आकाशाकडे पाहत पडून होतो. विश्वकिरण आपल्या बरणीपर्यंत, काटोलपर्यंत येतात, या कल्पनेने झोप लागेना. माझ्या आयुष्याची दिशा त्या रात्री ठरली, असे म्हटले तरी चालेल.

पुढे पदव्युत्तर शिक्षण घेताना कळले की आमच्या बरणीतील वीज प्रामुख्याने ओलसर हवा आणि साधे बूच यांमुळे गळत होती. विश्वकिरणांचा परिणाम त्यात असलाच तर नगण्य होता. ज्या प्रयोगावर मी आयुष्य उभे केले, त्याचे आमचे उत्तर चुकीचे निघाले. सुटीत मी सरांना हे सांगितले. ते हसून म्हणाले, "उत्तर चुकले, प्रश्न नाही चुकला. आता मुलांना हेही सांगावे लागेल." आणि पुढच्याच वर्गाला त्यांनी ते सांगितले.

विश्वकिरण मात्र खरेच येतात. ते वातावरणाच्या वरच्या थरावर आदळतात, तेव्हा पायॉन नावाचे कण निर्माण होतात आणि त्यांच्या क्षयातून म्यूऑन जन्मतात. म्यूऑनचे सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या २.२ पट. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा केवळ ६६० मीटर जातो. मग पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मलेला म्यूऑन जमिनीपर्यंत पोहोचतो कसा? वेगाने जाणाऱ्या कणाचे घड्याळ आपल्या दृष्टीने मंद चालते, हे आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धान्ताचे सांगणे आहे. अशा जड कणांच्या क्षयात हा परिणाम दिसला पाहिजे, हे १९३८ साली होमी भाभा यांनी 'नेचर'मधील एका छोट्या टिपणात मांडले. मुंबईत जन्मलेला हा तरुण तेव्हा केंब्रिजमध्ये होता आणि वय होते अवघे अठ्ठावीस. तीन वर्षांनी अमेरिकेत ब्रूनो रॉसी आणि डेव्हिड हॉल यांनी मोजमाप करून तो परिणाम दाखवून दिला.

याच भाभांनी १९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. तेथील सुरुवातीच्या गणितज्ञांत दामोदर कोसंबी होते. त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी हे आपणा सर्वांना परिचित आहेत. गोव्यातून घर सोडून निघालेल्या आणि श्रीलंकेत जाऊन पाली शिकलेल्या या माणसाने 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ मराठीत लिहिला. मुंबईत प्रथम गेलो तेव्हा अनोळखी शहरात या एका नात्याने मला धीर आला.

माझा विषय होता कणांचा क्षय. गावात 'क्षयावर संशोधन' ही वार्ता पसरली आणि सुटीत घरी आलो असता शेजारची म्हातारी खोकल्याचे औषध विचारायला आली. तिला काय सांगावे ते सुचेना. ती गेल्यावर बाबांनी विचारले, "तुहा तो कण म्हातारा होऊन मरते काय?"

आजवर मला विचारलेल्या प्रश्नांत याहून चांगला प्रश्न नाही. कारण कण म्हातारा होत नाही. आत्ताच जन्मलेला म्यूऑन आणि बराच काळ जगलेला म्यूऑन यांच्यात तसूभरही फरक नसतो. पुढच्या क्षणी नष्ट होण्याची शक्यता दोघांची सारखीच. एखादा कण नेमका केव्हा जाईल हे कुणीच सांगू शकत नाही. असंख्य कणांची सरासरी मात्र अचूक सांगता येते. "मंग मरते कशानं?" बाबांनी पुढे विचारले. "आपल्यापेक्षा हलक्या कणांत बदलण्याची वाट मोकळी असते म्हणून," मी म्हणालो. म्यूऑनमधून एक इलेक्ट्रॉन आणि दोन न्यूट्रिनो बाहेर पडतात. ते आधीपासून त्याच्या पोटात नसतात. त्याच क्षणी निर्माण होतात.

अशा बदलाचा दर काढण्याचे शास्त्र म्हणजे पुंज क्षेत्र सिद्धान्त. क्षय ज्या ज्या मार्गांनी होऊ शकतो ते सर्व मार्ग मांडायचे, प्रत्येकाचे गणित करायचे आणि बेरीज करून तिचा वर्ग घ्यायचा. हे गणित किती नेमके असते याचा एक नमुना देतो. टाऊ नावाचा कण म्यूऑनच्या सुमारे १६.८ पट जड आहे. सिद्धान्तानुसार अशा क्षयाचा दर वस्तुमानाच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे येथे सुमारे साडेतेरा लाख पटींनी. शिवाय टाऊला क्षयाच्या इतरही वाटा मोकळ्या असतात. इलेक्ट्रॉनची वाट शंभरातले जेमतेम अठरा टाऊ धरतात. या दोन आकड्यांवरून टाऊचे आयुष्य मांडले, तर ते प्रयोगशाळेत मोजलेल्या आयुष्याशी जुळते. कागदावरचे गणित निसर्गाशी असे जुळताना पाहण्याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हा लेख लिहायला बसलो, त्याकडे वळतो. एका जड कणाच्या क्षयाचे गणित मी दोन वर्षे करीत होतो. प्रचलित सिद्धान्तापेक्षा माझा दर दुप्पट येत होता. हे खरे ठरले असते तर मोठी गोष्ट होती. लेख तयार झाला, मार्गदर्शकांनी तो वाचला, पाठवण्याचा दिवस ठरला. शिष्यवृत्तीची मुदत संपत आली होती, घरी बहिणीचे लग्न ठरले होते आणि हा लेख छापून आला की पुढच्या नोकरीची वाट मोकळी होणार होती. आदल्या रात्री मी शेवटची तपासणी करीत होतो, तेव्हा एका ओळीवर नजर थांबली. क्षयानंतर बाहेर पडणारे दोन कण अगदी एकसारखे होते. एक डावीकडे गेला आणि दुसरा उजवीकडे, किंवा दुसरा डावीकडे आणि पहिला उजवीकडे, या दोन घटना मी वेगळ्या धरल्या होत्या. पण एकसारख्या कणांत पहिला आणि दुसरा असा भेद निसर्ग मानत नाही. घटना एकच होती. दोनाने भागायचे राहिले होते. भागल्यावर दर निमूटपणे जुन्या सिद्धान्ताशी जुळला. नवे काहीच उरले नाही.

ती चूक कुणाच्याही लक्षात आलेली नव्हती. काही तास, मी कबूल करतो, मनात नको ते विचार आले. आपण ती ओळ पाहिलीच नाही असे मानले तर? पहाट होत आली आणि सवयीने ओठांवर पंचशील आले. चौथ्या शीलापाशी मी अडखळलो. सकाळी मार्गदर्शकांच्या दारात जाऊन मी सर्व सांगितले. लेख मागे पडला आणि प्रबंधाला आणखी दीड वर्ष लागले.

घरी आलो तेव्हा बाबांना सांगणे सर्वांत अवघड वाटले. ते अंगणात बसले होते. त्यांनी सर्व ऐकून घेतले.

"चूक कोणं धरली?"

"म्यांच धरली, बाबा."

"मंग बरं झालं. दोनदा मोजलेलं संत्रं पेटी उघडली का कमीच भरते. आज नाही तं उद्या. तू पेटी निघायच्या आधी सांगितलं."

दोन वर्षांच्या चुकीचा सारांश याहून अचूक शब्दांत मला आजतागायत मांडता आलेला नाही. एकसारख्या कणांचे गणित ते न शिकताच जाणत होते. पदवी हाती आली, तेव्हा मात्र बाबा नव्हते.

पुढे मी एका मोठ्या प्रयोगाचा इतिहास वाचला आणि मनाचा भार हलका झाला. प्रोटॉनसुद्धा कधीतरी क्षय पावत असावा, असे १९७४ च्या सुमारास सिद्धान्तांतून निघाले होते. त्याचे अपेक्षित आयुष्य विश्वाच्या वयाहून इतके मोठे होते की एका प्रोटॉनकडे पाहत बसणे व्यर्थ. त्यापेक्षा असंख्य प्रोटॉनांवर काही वर्षे पहारा ठेवावा. त्यासाठी टाटा संस्थेच्या आणि जपानच्या शास्त्रज्ञांनी कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली सुमारे २३०० मीटर खोलीवर, १४० टनांचा लोखंडी शोधक उभारला. याच खाणीत १९६५ साली वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची चाहूल लागली होती. १९८० पासून तेथे प्रोटॉनच्या क्षयाचा शोध सुरू झाला आणि काही घटना क्षयाच्या असाव्यात असेही वाटले. परंतु अमेरिका आणि जपानमधील मोठ्या जलशोधकांत त्यांना दुजोरा मिळाला नाही. आज आपण इतकेच म्हणू शकतो की प्रोटॉनच्या क्षयाच्या एका प्रमुख वाटेसाठी ही आयुर्मर्यादा एकावर ३४ शून्ये इतक्या वर्षांहूनही अधिक आहे. क्षय सापडला नाही; पण त्याच जलशोधकांनी १९८७ साली एका फुटलेल्या ताऱ्याचे न्यूट्रिनो टिपले. प्रामाणिकपणे दिलेला नकारही ज्ञानात भर घालतो, हे मला या इतिहासाने शिकवले.

संशोधन संस्थेत कायमची जागा मला मिळाली नाही. मी परत आपल्या भागात आलो आणि शिकवू लागलो. याची खंत कधी कधी वाटते. ती लपवणे बरे नव्हे. मात्र दरवर्षी वर्गात लोणच्याची बरणी घेऊन जातो, पट्ट्या मिटू देतो आणि विचारतो, "वीज कुठे गेली?" उत्तरही पूर्ण सांगतो, बुचासकट.

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी काटोलवर आकाशातून उल्कापाषाण कोसळले, तो गडगडाट अनेकांना आठवत असेल. त्या दगडांवर पुढे संशोधन झाले आणि काटोलचे नाव जगभरच्या शास्त्रज्ञांपर्यंत गेले. अशी घटना पिढ्यांतून एखाद्या वेळी घडते. म्यूऑन मात्र रोज येतात. विद्यार्थिमित्रांनो, आज रात्री गच्चीवर जा आणि तळहात आकाशाकडे करून धरा. दर सेकंदाला साधारण एक म्यूऑन त्यातून आरपार जाईल. तो दिसणार नाही, जाणवणारही नाही. खेडे आणि शहर, झोपडी आणि वाडा, असा भेद तो करीत नाही. त्याचा हिशेब करायला आपल्यातून कुणीतरी पुढे यावे, एवढीच इच्छा. हिशेब करताना एक संत्रे दोनदा मोजू नका, आणि मोजले गेलेच तर पेटी निघण्यापूर्वी सांगा.