परळपर्यंतचं अंतर

उजवा हात अजून चिकूच्या फांदीपर्यंत पोचत नाही. काखेतल्या गाठी काढल्या की खांदा आखडतो, म्हणून भिंतीवर बोटांनी इंच इंच वर चढायचं, दुखलं की थांबायचं. या व्यायामाचा मला कंटाळा आहे, पण तो सोपा भाग. ठरवणं अवघड होतं.

स्तनाच्या कॅन्सरची फक्त गाठ काढायची की सबंध स्तन? अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९८५ साली दाखवलं, की गाठ काढून किरणोपचार घेतलेल्या आणि स्तन काढलेल्या बाया सारख्याच जगतात. वीस वर्षांनी पाहिलं तरी तेच निघालं. म्हणजे निवड बाईची. पण स्तन राखला तर लाईट, म्हणजे हे किरणोपचार, घ्यावी लागते, आठवड्यातले पाच दिवस, निदान तीन आठवडे. आमच्या डहाणूला लोकल २०१३ साली आली, तरी दादरला उतरून परळच्या टाटा हॉस्पिटलात जाऊन-येऊन दिवस संपतो. माझी मुलगी दादरला राहते, म्हणून मी स्तन राखला. धैर्यबिर्य काही नाही.

आमच्या वाडीत फळं तोडायला तलासरीकडची एक वारली बाई येते. तिचंही ऑपरेशन माझ्या मागेपुढेच झालं. "ताई, रोज कुठं जाऊ मी? पोरांना कोण बघील? सगळंच काढा, सांगितलं डाक्टरला." खर्च महात्मा फुले योजनेत बसला होता. बुडालेली मजुरी आणि मुंबईतली राहायची जागा कुठल्या योजनेत बसणार? नशिबाने तिच्या काखेतल्या गाठी साफ निघाल्या, लाईट टळली. तिच्या निर्णयाला कुणी अडाणीपणा म्हटलं की माझं डोकं फिरतं.

गोळी मात्र दोघींना एकच, टॅमॉक्सिफेन, रोज, निदान पाच वर्षं. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप मोडते. सोडावी का, असं माझ्या मनात येतं; ती म्हणते, गिळायची नि कामाला लागायचं.

इंग्लंडमधल्या अभ्यासात २०२० साली दिसलं, की सुरुवातीच्या टप्प्यातल्या बऱ्याच जणींना लाईटचे पाचच दिवस पुरतात. एका आठवड्यात भागलं असतं तर स्तन राखला असतास का, मी तिला विचारलं.

"एक हप्ता?" ती हसायलाच लागली. "एक हप्ता तर मी महालक्ष्मीच्या जत्रेत काढते!"