न जोडलेले पान

न्यायाधीशांच्या कथा आपल्या समाजाला मुखोद्गत आहेत. नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबादादांना तोंडावर काय सुनावले, हे आपल्याकडे मुलांना लहानपणीच सांगितले जाते. आरोपीची बाजू घेऊन सरकारशी झुंजणाऱ्या वकिलांची नावेही आपण आदराने घेतो. परंतु या दोहोंच्या मध्ये, राज्यसत्तेच्या वतीने हातात कागद घेऊन जो उभा असतो, त्या सरकारी वकिलाची कथा सहसा कोणी सांगत नाही. तो बरा निघाला तरी त्याचे नाव होत नाही, आणि वाईट निघाला तर दोष न्यायाधीशाच्या किंवा पोलिसांच्या पदरी जातो. आम्ही स्वतः आयुष्याची सात वर्षे त्या जागी काढली आहेत. म्हणून ही कथा सांगण्याचे ऋण आमच्यावर आहे, असे आम्हांस वाटते.

आमच्या गावच्या देवळात चातुर्मासात पुराण चाले. द्यूतसभेचा प्रसंग आला की सभामंडपात श्वास रोखले जात. बालवयात आमचा सारा राग दुःशासनावर असे. पुढे कायद्याचे शिक्षण घेतल्यावर तोच प्रसंग पुन्हा वाचला, तेव्हा ध्यानात आले की द्रौपदीने सभेला विचारलेला प्रश्न मुळात कायद्याचा होता : जो स्वतःच दास झाला, त्याला पत्नीला पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय? भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून मान खाली घातली. कौरवांपैकी एकटा विकर्ण उठला आणि हे अन्यायाचे आहे असे बोलला. त्याला उत्तर द्यायला कोण उभा राहिला? कर्ण. सर्वस्व पणाला लागले त्यात द्रौपदीही आलीच, असा रीतसर युक्तिवाद त्याने केला. वस्त्राला हात दुःशासनाने घातला हे खरे. पण त्या हाताला वाट कर्णाच्या युक्तिवादाने करून दिली. दांडगाईला नियमाचे कलम मिळवून देणारा माणूस प्रत्येक जुलमी सभेत लागतोच.

त्याचे अर्वाचीन उदाहरण पाहावयाचे तर जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात जावे लागते. लेओ काट्सेनबेर्गर हे तेथील एक ज्यू व्यापारी. पादत्राणांच्या व्यवसायात त्यांचे नाव होते, आणि शहरातील ज्यू समाजाचे ते प्रमुख होते. वय अडुसष्ट. इरेने झाइलर नावाची एक तरुण जर्मन छायाचित्रकार त्यांच्याच मालकीच्या इमारतीत राहात असे. तिचे वडील काट्सेनबेर्गर यांचे स्नेही. मुलीकडे लक्ष असू द्या, असे त्यांनी सांगून ठेवलेले. एवढ्या परिचयावरून शेजाऱ्यांनी कुजबुज केली आणि १९४१ साली या वृद्धाला अटक झाली. ज्यू आणि जर्मन यांच्यातील शरीरसंबंध १९३५ च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. झाइलरबाईंनी शपथेवर सांगितले की असा संबंध कधीही नव्हता. पुरावा जवळजवळ शून्य होता.

येथपासून सरकारी वकिलाचे काम सुरू होते, आणि ते कसे झाले हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. त्या कायद्याखाली गुन्हा सिद्ध झाला असता तरी शिक्षा कारावासाची होती, मृत्यूची नव्हे. परंतु तेथील विशेष न्यायालयाचे अध्यक्ष ओस्वाल्ड रोटहाउग यांना हा खटला स्वतःपुढे हवा होता आणि त्यांना काय निकाल हवा आहे हे झाकलेले नव्हते. म्हणून साध्या फौजदारी न्यायालयातील पहिले आरोपपत्र मागे घेण्यात आले आणि विशेष न्यायालयासाठी नवे लिहिण्यात आले. युद्धकाळातील अंधाराचा फायदा घेऊन गुन्हा करणाऱ्यांसाठी सप्टेंबर १९३९ मध्ये एक हुकूम निघाला होता. त्यात मृत्युदंडाची तरतूद होती. काट्सेनबेर्गर हे काळोख पडल्यावर त्या बाईंच्या घरातून बाहेर पडताना दिसले, असे एका साक्षीदाराचे म्हणणे होते. तेवढा काळोख पुरला. दुसरी युक्ती याहून कसबी होती. निर्दोषत्वाची साक्ष देऊ शकणारी एकमेव व्यक्ती म्हणजे झाइलरबाई. त्यांच्यावर खोट्या शपथेचा आरोप ठेवून त्यांनाही त्याच खटल्यात आरोपी केले. साक्षीदारच आरोपी झाली की तिच्या शपथेचे मोल संपते. मार्च १९४२ मध्ये सरकारी वकील हेर्मान मार्क्ल यांनी मृत्युदंड मागितला, न्यायालयाने तो दिला, आणि जूनमध्ये म्युनिकच्या तुरुंगात त्या वृद्धाचा शिरच्छेद झाला.

वाचकांनी एक गोष्ट पाहावी. या सर्व प्रकरणात सरकारी वकिलाने कोणावर हात उगारला नाही. त्याने केवळ एक आरोपपत्र काढून दुसरे ठेवले आणि एक नाव साक्षीदारांच्या यादीतून उचलून आरोपींच्या यादीत लिहिले. कचेरीतील रोजचे काम! जुलमी राज्यकर्त्यांना अशाच माणसाची सर्वांत जास्त गरज असते. रस्त्यात माणूस मारायला गुंड पुरतो. पण तो मेला हे योग्य झाले असे दप्तरी नोंदवायला पदवीधर लागतो.

युद्ध संपल्यावर त्याच न्यूरेंबर्गमध्ये १९४७ साली अमेरिकन न्यायाधीशांपुढे जर्मन न्यायखात्यातील सोळा जणांवर खटला भरण्यात आला. त्यांत बर्लिनच्या ‘लोकन्यायालया’चे मुख्य सरकारी वकील एर्न्स्ट लाउट्स होते, आणि रोटहाउगही होते. ज्या लोकन्यायालयाने पाच हजारांहून अधिक माणसांना मृत्युदंड दिला, त्याच्यापुढे सरकारची बाजू मांडण्याचे काम लाउट्स यांच्या खात्याचे होते. बचाव सर्वांचा सारखाच : कायदा जसा होता तसा आम्ही राबविला. न्यायाधीशांनी तो मानला नाही. मारेकऱ्याची कट्यार कायदेपंडिताच्या झग्याखाली लपविलेली होती, अशा अर्थाचे त्यांच्या निकालपत्रातील वाक्य पुढे जगभर गाजले. लाउट्स यांना दहा वर्षांची आणि रोटहाउग यांना जन्मठेपेची शिक्षा झाली. पण लाउट्स १९५१ मध्ये सुटले आणि रोटहाउगही १९५६ मध्ये बाहेर आले. त्या राजवटीतील कितीतरी सरकारी वकील तर काही वर्षांतच पुन्हा आपापल्या खुर्च्यांवर जाऊन बसले.

मग कोणी म्हणेल, त्या काळी दुसरे करता तरी काय आले असते? याचे उत्तर त्याच बव्हेरिया प्रांतातील दुसऱ्या एका सरकारी वकिलाने नऊ वर्षे आधी देऊन ठेवले होते. त्याचे नाव योसेफ हार्टिंगर. एप्रिल १९३३ मध्ये म्युनिकजवळच्या डाखाऊ छावणीत चार ज्यू कैद्यांवर गोळ्या झाडण्यात आल्या. पळून जात होते म्हणून, असे पहारेकऱ्यांनी कळविले. हार्टिंगर वैद्यकीय अधिकारी मोरिट्स फ्लाम यांना घेऊन स्वतः छावणीत गेले. पुढे आणखी मृत्यू घडत गेले. प्रत्येक वेळी ही जोडी जाई, प्रेत तपासी, मोजमापे लिही. लेओनहार्ड हाउसमान नावाच्या कैद्याला पळताना दहाबारा मीटरांवरून गोळी घातली असे पहारेकरी सांगत होता. शवचिकित्सेत ती तीस सेंटिमीटरांहूनही कमी अंतरावरून झाडलेली आढळली. एकाने मनगटाची शीर कापून जीव दिला असे सांगण्यात आले. तपासणीत त्याचा गळा आवळलेला निघाला. ही सारी पाने हार्टिंगर यांनी एकत्र लावली आणि छावणीचा प्रमुख हिल्मार वेकर्ले व त्याचे सहकारी यांच्याविरुद्ध कारवाईची कागदपत्रे सिद्ध केली. वरिष्ठ कचरत होते. पण जूनच्या आरंभी ती दाखल झाली.

याचा परिणाम काय झाला? लौकिक अर्थाने फार थोडा. प्रांताच्या गृहमंत्र्याने कागदपत्रे मागवून घेतली आणि ती कुलपात पडली. वेकर्लेला हलविण्यात आले. त्याच्या जागी आलेला थिओडोर आइके त्याहून भयंकर निघाला. खून थांबले नाहीत. परंतु तो कागदांचा गठ्ठा नष्ट झाला नाही. युद्धानंतर तो अमेरिकनांच्या हाती लागला आणि न्यूरेंबर्गच्या खटल्यांत पुरावा म्हणून वाचला गेला. हार्टिंगर जिवंत राहिले, हेही सांगितले पाहिजे. कारण नकार म्हणजे मरणच, अशी सबब पुढे अनेकांनी सांगितली.

हे सारे दूरदेशीचे आहे असे मानून आपण निर्धास्त राहू नये. १९४६ साली गोव्यात नागरी स्वातंत्र्य मागितल्याबद्दल त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना पोर्तुगीजांच्या लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडले. तेही काम रीतसर कागदोपत्रीच झाले होते. स्वतंत्र भारतात, आणीबाणीच्या काळात, सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना विचारले की एखाद्या अंमलदाराने आकसाने कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही काय? जोवर आणीबाणी आहे तोवर येणार नाही, असे उत्तर आले. एप्रिल १९७६ च्या निकालात पाचांपैकी एकट्या खन्नांनी ते नाकारले. महान्यायवादी म्हणजे सरकारी फिर्यादी नव्हे, हे आम्ही जाणतो. पण उभे राहण्याची बाजू तीच. संयुक्त राष्ट्रांच्या १९९० च्या हवाना परिषदेने सरकारी वकिलांसाठी जी तत्त्वे घालून दिली, त्यांत छळाने मिळविलेला पुरावा त्याने वापरू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तत्त्व सोपे आहे. कठीण असते ते त्या दिवशीचे टेबल आणि त्यावरचा कागद.

आता आमच्या स्वतःच्या टेबलाविषयी. त्याची तुलना वरील घटनांशी करणे हास्यास्पद होईल. तरीही लपविणे अप्रामाणिक ठरेल. आम्ही सहायक सरकारी वकील असताना एका देवस्थानातून पितळेच्या समया चोरीस गेल्या. झाडलोट करणाऱ्या एका तरुणाला पकडण्यात आले. महाजनांपैकी अर्धे आमच्या नात्यागोत्यातले. आरोपी लवकर शिक्षेला जावा अशी सर्वांची इच्छा. पोलिसांचे दप्तर चाळताना एक जबानी हाती आली. देवळाच्या दारात फुले विकणाऱ्या म्हातारीने सांगितले होते की त्या रात्री तो मुलगा तिच्या आजारी नवऱ्याच्या उशाशी बसून होता. हे पान आरोपपत्राला जोडलेले नव्हते. आम्ही विचारले, तेव्हा तपासी अंमलदार हसून म्हणाले, “वकीलबाब, म्हातारीला रात्र कुठली आणि वार कुठला हे आठवत नाही. तुम्ही त्याचा घोर करू नका.”

आम्ही घोर केला नाही. जामिनाला विरोध केला. न्यायालयात एकही खोटा शब्द उच्चारला नाही. जे होते त्यातले थोडे बोललो नाही, इतकेच. दोन तारखा गेल्या. छत्तीस दिवस तो तरुण कोठडीत राहिला.

पुढे एका सोमवारी आम्ही पालखीला गेलो असता त्याच म्हातारीकडून अबोलीचा वळेसर घेतला. पैसे घेता घेता तिने विचारले, “बाब, त्या पोराचे काय झाले? मी पोलिसांना सगळे सांगितले होते. ते तुमच्या कागदांत आले ना?”

आम्ही काय उत्तर दिले ते आठवत नाही. वळेसर देवीला वाहिला की नाही हेही आठवत नाही. पुढच्या तारखेला ते पान न्यायालयापुढे ठेवले. मुलाला जामीन मिळाला. यथावकाश तो निर्दोष सुटला. काही महाजनांनी आमच्याशी बोलणे टाकले, ते आम्हांस फारसे लागले नाही. लागले ते दुसरेच. सुटकेच्या दिवशी तो तरुण न्यायालयाच्या व्हरांड्यात आला आणि हात जोडून म्हणाला, “देव बरें करूं, वकीलबाब.” ते छत्तीस दिवस आमच्या खात्यावर आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही मान हलविली आणि त्याचे आभार स्वीकारले. सांगण्याचे धैर्य त्या दिवशी झाले नाही. आज, एवढ्या वर्षांनी, येथे सांगत आहोत.

आज आम्ही आरोपीच्या बाजूला उभे असतो. समोरचा सरकारी वकील बहुधा आमच्याहून तरुण असतो, हाताखाली कामाचा डोंगर असतो, आणि मागे घाई करणारे कोणी ना कोणी असते. कधी पोलीस, कधी सरकार, आणि कधी आपणच. आपल्या देवळात चोरी होते, आपल्या घरावर दगड पडतो, तेव्हा आपणांस सरकारी वकिलाकडून नेमके काय हवे असते, याचा विचार वाचकांनी निवांतपणी करावा, एवढीच आमची विनंती. तो आपल्यासाठी शिक्षा मिळवून देणारा गडी आहे असे आपण मानू लागलो, तर उद्या राज्यकर्त्यांनीही तसेच मानले तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

त्या म्हातारीला वारून आता बरीच वर्षे झाली. देवळाच्या दारात तिच्या जागी तिची सून बसते. वळेसर घेताना आमचा हात अजून थोडा अडखळतो. तीही तोच प्रश्न विचारील की काय, असे वाटत राहते.