लॉजवरचा ल

"भाऊजी, एवढं कॉम्प्युटरचं करता, तर माझ्या दुसरीच्या पोरांसाठी काहीतरी करा की!"

वहिनी हे गेली तीन वर्षं म्हणते आहे. ती शिर्डीजवळच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि मी पुण्यात बसून दुसऱ्यांच्या बँकांचे हिशोब जुळवणारा कोड लिहितो. दर दिवाळीला मी "करू की" म्हणायचो आणि चकलीकडे वळायचो. यंदा मात्र एक डेडलाईन पुढे गेली, दोन वीकांत रिकामे मिळाले आणि मी खरंच एक ॲप लिहून टाकलं.

कल्पना माझी नव्हती. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर'ची पाहणी करते. त्यात एक माणूस कागद घेऊन मुलाजवळ बसतो. पायऱ्या अशा: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल जिथवर वाचेल ती त्याची पायरी. मी ती उतरंड जशीच्या तशी उचलली, फक्त कागदाच्या जागी टॅब ठेवला आणि माणूस काढून टाकला. शब्द दिसणार, मुलाने तो मोठ्याने वाचायचा, आठ सेकंदांत जमलं नाही तर एक गोड आवाज म्हणणार, "पुन्हा प्रयत्न कर." शेवटी वर्गाचा छान रंगीत तक्ता. डेमोला मी स्वतःच वाचून पाहिलं. सगळं हिरवं. :)

संगमनेर, लोणी करत शुक्रवारी रात्री घरी पोचलो. शनिवारी सकाळची शाळा. वर्गात १९ पोरं, खाली सतरंजी, भिंतीला दोरीवर लटकवलेल्या शब्दांच्या पट्ट्या. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहेत, पण वर्गात रेंज येते ती खिडकीपाशी. माझं ॲप नेटशिवाय चालत होतं, त्यामुळे कॉलर अजूनच ताठ.

पहिल्या काही पोरांनी 'आई', 'घर', 'पाऊस' धडाधड वाचलं. मग दोन वेण्या घातलेली एक मुलगी आली. तिनेही तेवढं वाचलं. पुढचा शब्द आला 'शाल'. थांबली. "पुन्हा प्रयत्न कर." पुढचा 'लाल'. थांबली. "पुन्हा प्रयत्न कर." मग 'शीला'. आता ती टॅबकडे न बघता माझ्याकडे बघायला लागली. चौथ्यांदा तो गोड आवाज आला तेव्हा मागची दोन पोरं हसली आणि ती उठून जागेवर जाऊन बसली.

तक्त्यात ती लाल रंगात, 'अक्षर' पायरीवर. तिच्यासारखीच आणखी पाच जणं.

वहिनीने तक्ता बघितला आणि म्हणाली, "हिला वाचता येत नाही? अहो, ही मला रोज फळ्यावरचा सुविचार वाचून दाखवते!" मी म्हटलं, "वहिनी, डेटा असं सांगतोय." (हे वाक्य आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.)

उलगडा केला एका बारक्या पोराने. त्याच्या घरच्यांचं मंदिराच्या रस्त्याला हार-प्रसादाचं दुकान आहे. त्याने 'लाल' सरळ वाचून टाकलं आणि वर मला समजावलं, "सर, हा पुस्तकातला ल नाय. हा लॉजवरचा ल आहे!"

मी टॅब हातात घेऊन नीट बघितलं. खरंच की राव. आपला मराठी ल म्हणजे मधोमध देठ आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या. स्क्रीनवर होता तो उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदी वळणाचा. श चंही तेच. शिर्डीत देशभरातून माणसं येतात, त्यामुळे पाट्या हिंदी, तेलुगू, तमिळ, गुजराती, सगळ्याच. त्या पोराचे डोळे दोन्ही ल बघत वाढलेले. शेतावरच्या वस्तीवरून येणाऱ्या पोरांनी ल पाहिला तो पुस्तकात आणि मॅडमच्या फळ्यावर.

६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने मराठीसाठी ल आणि श ची ही मराठी वळणंच प्रमाण ठरवली. पण युनिकोडमध्ये दोन्ही ल चा क्रमांक एकच आहे. कॉम्प्युटरच्या लेखी ते एकच अक्षर, कुठलं चित्र दाखवायचं ते फॉन्टने ठरवायचं. मी वापरलेल्या नोटो सान्स देवनागरीत मराठी वळणं आहेत, पण ती बाहेर येतात मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच. मी सांगितलंच नव्हतं. त्याच रात्री ते दुरुस्त केलं. एक ओळ. चहा गार व्हायच्या आत ल ला पाकळ्या फुटल्या.

माझ्या नजरेतून हे सुटलं कसं? कारण तीस वर्षं वाचल्यावर माणूस अक्षर बघतच नाही, शब्द बघतो. सात वर्षांची मुलगी अजून अक्षर बघते. ती चुकली नव्हती, उलट आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त बारकाईने वाचत होती.

मग वहिनीने बाकीचे बग काढून दिले. गोड आवाज 'चारा' म्हणताना 'चार'मधला च लावायचा, आणि ज्यांच्या दारात गाई बांधलेल्या आहेत ती पोरं खो खो हसायची. लिपीत हे दोन च सारखेच लिहितात, फरक आपण घरात ऐकून शिकतो. 'जग' म्हणजे दुनिया की 'जग' म्हणजे जगून दाखव, हे मशीनने कशावरून ओळखावं? उलट 'दर्या' आणि 'दऱ्या' हा फरक लिहिलेला असतो, तर माझ्या शब्दयादीत दोन्हीकडे 'दर्या'च पडलं होतं. समुद्र आणि डोंगरातल्या दऱ्या एकच!

आता ॲपमध्ये तो गोड आवाज नाही. वहिनीचा आवाज आहे, अस्सल नगरी हेल काढून, मागे कुठेतरी कोंबडा आरवतोय. आठ सेकंदांची अट काढली. लाल रंग काढला. आणि मूल अडलं की ॲप निकाल देत नाही, "मॅडमला दाखव" एवढंच म्हणतं. म्हणजे काढून टाकलेला माणूस परत आणून बसवला.

गेल्या महिन्यात पुन्हा गेलो होतो. पाच जणांनी 'शाल', 'लाल' बिनघोर वाचलं. दोन वेण्यावाली मात्र टॅबजवळ आली नाही. सुट्टी झाल्यावर वहिनीने दोरीवरच्या पट्ट्या काढून तिच्या हातात दिल्या. तिने सगळ्या वाचल्या, सलग, माझ्याकडे एकदाही न बघता.

टॅबला ती अजून हात लावत नाही. ती दुरुस्ती काही एका ओळीची नाही. पुढच्या शनिवारी परत जातोय.