चाकणचा किल्ला आणि ऑर्लेआँची रसद

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या चिंचवडच्या घरी एक लढाई चालू होती. सेनापती तेरा वर्षांचा, म्हणजे आमचा नातू. रणभूमी त्याच्या पप्पांचा जुना संगणक. आणि शत्रू पंधराव्या शतकातील इंग्रज. संध्याकाळी जपमाळेची वेळ झाली की आजी हाक मारी आणि आतून उत्तर येई, "आजी, थांब ना, जोन मरेल!" हे वाक्य प्रथम ऐकले तेव्हा आम्ही चष्मा शोधत उठलो. मरणारी ही जोन कोण, हे पाहणे आम्हांस आजोबा म्हणून भाग होते.

ती आपली संत जोन ऑफ आर्क निघाली. 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा दुसरा भाग 1999 साली आला. त्यात तिच्या चरित्रावर सहा लढायांची एक मालिकाच आहे. ज्या संतेला 1431 साली रूआँच्या चौकात जिवंत जाळले आणि जिला पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी 1920 साली संतपद बहाल केले, तिला आमचा नातू उंदराच्या टिचकीने इकडून तिकडे धाडीत होता. प्रथम आम्हांला राग आला, हे कबूल केले पाहिजे. पण धर्मशिक्षणाच्या वर्गात दोन वर्षे जाऊनही ज्या मुलाला या संतेचे नाव ठाऊक नव्हते, तो आता ब्लुआ कुठे, शिनाँ कुठे, ल्वार नदी कशी वाहते हे सांगत होता. रागवावे तरी कोणावर?

तो अडला होता दुसऱ्या लढाईत. राजाच्या शिनाँहून जोनला ब्लुआला न्यायचे, तेथे सैन्य आणि धान्याच्या गाड्या ताब्यात घ्यायच्या, त्या गाड्या वेढ्यात सापडलेल्या ऑर्लेआँ शहरात सुखरूप पोचवायच्या, शहर राखायचे आणि मग इंग्रजांचा किल्ला पाडायचा. जोन पडली की सारे संपले. चार दिवस तो हरत होता, आणि का हरत होता हे आम्हांला दुसऱ्या दिवशीच कळले. ब्लुआला पोचल्याबरोबर तो जोन, घोडेस्वार आणि गाड्या यांचा एकच लोंढा करून धावत सुटे. वाटेत शत्रू दिसला की घोडेस्वार त्याच्यामागे जात आणि गाड्या उघड्या पडत.

"आधी वाट साफ कर," आम्ही म्हटले. "गाड्या ब्लुआतच राहू देत. एक स्वार पुढे पाठवून शत्रू कोठे आहे ते पाहा. मग भालेकरी पुढे, तिरंदाज मागे, आणि जोन त्यांच्याही मागे."

"पण आजोबा, जोन तर सर्वांच्या पुढे असायची ना?"

मुलाचे म्हणणे खरे होते. 7 मे 1429 रोजी तूरेलच्या बुरुजापाशी मान व खांदा यांमध्ये बाण लागूनही ती पुन्हा निशाण घेऊन उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजांनी वेढा उठवला. पण तिच्या पराक्रमाच्या आधी काय घडले, ते आपण विसरतो. ऑक्टोबर 1428 पासून त्या शहराला वेढा होता. जोन तेथे एप्रिलच्या अखेरीस पोचली ती ब्लुआला जमवलेले धान्य आणि गुरे घेऊन. नावा प्रवाहाविरुद्ध न्यायच्या होत्या, वारा उलटा होता. तो अचानक फिरला, अशी साक्ष सेनापती द्युन्वा याने पुढे दिली. वारा देवाने फिरवला असे आम्ही मानतो. पण फिरलेल्या वाऱ्याने शहरात प्रथम नेले ते धान्य, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पाचव्या दिवशी गाड्या शहरात पोचल्या. पुढची मसलत सोपी नव्हती, तरी समजण्याजोगी होती. शत्रूच्या घोडदळापुढे भालेकरी उभे करावेत, कारण स्वाराला भाला सोसत नाही. तिरंदाज तटाच्या आत ठेवावेत. आलेल्या धान्यावर न विसंबता शेते करावीत. आणि किल्ल्यावर तलवारी घेऊन धावू नये. किल्ला पाडायचा तो लांबून दगड फेकणाऱ्या यंत्राने, नाही तर लाकडी धडक-गाड्यांनी, कारण तटावरचे बाण त्या गाड्यांचे फारसे काही बिघडवीत नाहीत. एक गोष्ट मात्र आम्हांला खटकली. या खेळात शिपाई तयार करताना काय धान्य लागेल तेवढेच. एकदा उभा राहिला की तो पुन्हा कधी जेवत नाही. वेढ्याची गोष्ट आणि भूक नाही, हे कसे?

त्याचे पप्पा, म्हणजे आमचे चिरंजीव, त्या दिवसांत दुपारीही घरी असत. चाकणच्या पट्ट्यातील एका कारखान्यात त्यांनी चौदा वर्षे काढली होती. व्यवस्थापनाने स्वेच्छानिवृत्तीचा कागद पुढे केला. त्यातील स्वेच्छा कोणाची, हे वाचकांना सांगायला नको. जे सही करीनात त्यांना आत घेईनात. चिरंजीव दोन महिने फाटकापाशी बसले आणि मार्चअखेरीस सही करून आले. आम्ही त्यांना त्या रात्री एक वाक्य ऐकवले होते: "1988 साली आम्ही टाळेबंदीत चार महिने काढले, पण सही केली नाही." त्यानंतर आम्हां बापलेकांत मीठ-भाकरीपुरते बोलणे उरले होते.

एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही तिघे चाकणला गेलो. नातवाला खरा वेढा कोठे पडला होता ते दाखवावे, हा हेतू. रोज लाखभर माणसे ज्या गावावरून कामाला जातात, त्याच गावात संग्रामदुर्ग आहे हे कितीकांना ठाऊक असते? भुईकोट किल्ला, ना डोंगर, ना कडा. आज थोडी तटबंदी आणि काही बुरूज उरले आहेत. 1660 साली येथे फिरंगोजी नरसाळा किल्लेदार होता. ("आजोबा, फिरंगी म्हणजे आपल्यातला का?" नाही रे बाबा, तो ख्रिस्ती नव्हता, नाव तेवढे तसे.) तीन-साडेतीनशे माणसे घेऊन तो शायिस्तेखानाच्या सुमारे वीस हजारांच्या फौजेपुढे उभा राहिला.

खानाला ही एवढीशी गढी कशाला हवी होती? रसदीसाठी. पुण्यापासून अठरा मैलांवरचे हे ठाणे हाती आले की अहमदनगरकडून, आजच्या अहिल्यानगरकडून, येणारे धान्य निर्धास्त पुण्यास पोचणार होते. 21 जूनला वेढा पडला. भर पावसात मोगलांनी मोर्चे बांधले आणि एका बुरुजाखाली भुयार खणले. 14 ऑगस्टला सुरुंग उडाला, बुरूज आणि त्यावरची माणसे आकाशात गेली. मोगल आत घुसले तर पुढे मातीचा दुसरा बांध तयार! फिरंगोजीने आधीच ओळखून तो घालून ठेवला होता. ती रात्र मोगलांना पडक्या तटापाशीच काढावी लागली. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. उरलेल्यांनी आतल्या कोटात आसरा घेतला आणि भाऊसिंह हाडा याच्या मध्यस्थीने शरण आले. मोगलांच्या कागदांत त्यांचेच 268 ठार आणि 600 जखमी नोंदले आहेत.

"पण शिवाजी महाराजांनी गाड्या का नाही पाठवल्या?" नातवाने विचारले. खेळातला धडा त्याने बरोबर लावला होता.

कशा पाठवणार? चाकणला वेढा पडला तेव्हा महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. जुलैच्या पावसात ते निसटले, ते बाजीप्रभूंचे प्राण मोजून. ब्लुआ नाही, ल्वार नाही, फिरणारा वारा नाही. चाकणकडे यायला कोणी मोकळेच नव्हते.

"म्हणजे फिरंगोजी हरला."

चिरंजीव बुरुजाच्या दगडाला टेकून दुसरीकडे पाहत होते. आम्ही नातवाला सांगितले की खानाने फिरंगोजीला बादशाही चाकरी देऊ केली, ती त्याने नाकारली आणि तो महाराजांकडे परत गेला. महाराजांनी त्याला किल्ला का सोडलास असे विचारले नाही. त्याचा गौरव केला आणि पुढे भूपाळगड त्याच्या हवाली केला. हे सांगता सांगता आमचा आवाज कमी झाला. ज्या गोष्टीसाठी महाराजांनी आपल्या किल्लेदाराला जाब विचारला नाही, ती विचारणारे आम्ही कोण होतो? आणि 1988 चे ते आमचे चार महिने! त्यांतली अर्धीच गोष्ट आम्ही घरात सांगत आलो होतो.

उरलेली अर्धी आम्ही तेथे, तटापाशी उभे राहून, चिरंजीवांना सांगितली. टाळेबंदीत आम्ही तग धरला तो आमच्या हिमतीवर नाही. संगमनेर तालुक्यातल्या आमच्या गावाहून थोरले बंधू याच नाशिक-पुणे रस्त्याने मालमोटारीवर बाजरीची पोती टाकून पाठवीत. चिंचवडला ती उतरून घ्यायला आम्ही पहाटे जात असू. शेजारच्या मावशींनी दोन महिने रॉकेल पुरवले. फादरांनी मुलांची फी भरली आणि कोणाला सांगू नका म्हणाले. घराला हप्ता नव्हता, कारण घर भाड्याचे होते. ती शेती आता विकली गेली आहे, थोरले बंधू राहिले नाहीत. आणि चिरंजीवांच्या घराचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो.

"आम्ही त्या रात्री बोललो ते चुकीचे होते," आम्ही म्हणालो. बापाने मुलाला असे म्हणण्याची आमच्या घरात रीत नाही. शब्द जड गेले.

चिरंजीव काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर त्यांनी कांद्याची एक गोणी घेतली, ती स्वतःच उचलून गाडीत टाकली. नातू मागच्या बाकावर बसून इंग्रजांचा किल्ला कोणत्या बाजूने फोडावा याचा हिशेब बोटांवर करीत होता. मोशीच्या पुढे वाहने तुंबली होती, गाडी जागची हलेना.

"बाबा," चिरंजीवांनी समोर बघतच विचारले, "एकूण किती पोती आली होती?"

"सात," आम्ही म्हणालो. "शेवटचे अर्धेच होते."