एंजल बेटावरचा मुक्काम

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल नावाचे एक बेट आहे. नाव देवदूताचे, पण १९१० ते १९४० या काळात पॅसिफिक ओलांडून आलेल्यांना इथे भेटे तो तपासनीस! तिबुरॉनहून लाँचने बेटावर उतरावे, थोडी पायपीट करावी, की त्यांना कोंडून ठेवण्याची दुमजली लाकडी बराक दिसते.

न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरून बहुतेकांची काही तासांत सुटका होई. इथे चिनी माणूस आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन् महिने तिष्ठत राही. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेचे दार बंद झाले होते. नागरिकांच्या मुलांना तेवढी मुभा होती. त्यातच १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत शहरातली जन्मनोंदींची दप्तरे जळाली. मग काय, नुसते कागदोपत्रीचे मुलगे येऊ लागले!

सरकारने उलटतपासणीची तोड काढली. गावच्या घराला पायऱ्या किती? तांदूळ कुठे साठवता? रांगेत घरे किती? हेच प्रश्न अमेरिकेतल्या बापालाही. उत्तरे जुळली नाहीत की मुक्काम वाढला. आता सांगा, आपल्या बिऱ्हाडाच्या जिन्याला पायऱ्या किती, हे आपल्यापैकी कितीजण छातीठोकपणे सांगतील? सख्खा मुलगा अडके आणि घोकून आलेला तोतया सुटे, असेही होई. आपले हिंदी लोकही इथे अडकले. पुष्कळांना परतीची बोट धरावी लागली.

रिकाम्या दिवसांत चिन्यांनी भिंतींवर कविता कोरल्या. त्यांवर रंग फासले गेले. १९७० मध्ये, बराक पाडायच्या बेतात असताना, एका उद्यानरक्षकाला ती अक्षरे दिसली. आज ती पाहता येतात. बहुतेक कवितांखाली नाव नाही.