शेठनं आ केला

तुला सांगते, गेल्या मंगळवारी दुपारी आपल्या शेठनं आ केला. पुरता, मागच्या दाढा दिसतील एवढा, आणि तोही दाताच्या दवाखान्यात! आईनं डोळ्यांना पदर लावला. शेठ मात्र आ तसाच ठेवून डोळ्यांनी माझ्याकडे बघत होता, ‘तिला कळव’ म्हणून. म्हणून हे पत्र.

सुरुवात दिवाळीत झाली. फराळाच्या ताटातली चकली त्यानं उचलली, जिभेला लावली आणि परत ठेवली. शेठ आणि चकली परत! तुझ्या ताटातल्या चकल्या तो ‘उधारी’ म्हणून कशा वसूल करायचा, आणि तू दर वेळी कशी फसायचीस, आठवतं ना? मग भाकरीच्या कडा सुटल्या. रात्री उठून बसायला लागला. कार्यशाळेत पिशव्या चिकटवता चिकटवता स्वतःच्याच गालावर चापट मारायला लागला. सगळे म्हणाले, अडतिशी गाठली, आता हट्टी होणारच. दोन महिने मीही तेच धरून चालले, याचं फार वाईट वाटतं. ‘कुठे दुखतंय?’ विचारलं की तो गुडघा दाखवतो. लहानपणी अंगणात पडला होता, तू फुंकर घातली होतीस, तो गुडघा. दुखण्याची त्याच्यापाशी तेवढीच एक जागा आहे गं.

पहिल्या दवाखान्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण आठवलं की अजून घसा दाटतो. जिना चढून गेलो, तासभर बसलो. डॉक्टर खुर्चीतून उठलेही नाहीत. लांबूनच बघून म्हणाले, ‘अशांचं पूर्ण भूल देऊनच करावं लागतं, मोठ्या शहरात न्या.’ २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट लिहिलंय, सरकारी असो की खाजगी, दवाखान्यात अडथळ्याविना जाता आलं पाहिजे आणि उपचारात प्राधान्य मिळालं पाहिजे. मी मात्र त्या वेळी नुसती शेठचा हात धरून जिना उतरले. भूल देऊन सगळे दात एकाच बैठकीत करणं काहींना खरंच लागतं, त्यात वाईट काही नाही. पण आधी तोंडात डोकावून तरी बघायचं!

मग कार्यशाळेतल्या एका आईनं या डॉक्टरताई सुचवल्या. लहान मुलांच्या दंतवैद्य. आपल्याकडे विशेष गरजा असणाऱ्यांवरच्या उपचाराचं शिक्षण याच शाखेत मिळतं, म्हणून त्या मोठ्यांनाही नाही म्हणत नाहीत. भिंतीवर ससे आणि हत्ती, इवल्या खुर्च्या, आणि त्यांत कानशिलांवरचे केस पिकलेला आपला शेठ! पाच मिनिटांत त्यानं तिथे दुकान मांडलं आणि दोन पोरांना रंगीत ठोकळे उधारीवर दिलेसुद्धा. आणि हो, तुझ्याशी माझं भांडण आहे. डॉक्टरताई सांगत होत्या, ब्रिटनमध्ये २००८ पासून मोठ्या माणसांसाठी ‘स्पेशल केअर डेंटिस्ट्री’ अशी वेगळी शाखाच आहे. तू इतकी वर्षं तिथे राहतेस, तिथल्या पावसावर चार-चार पानं लिहितेस, आणि हे एका ओळीनं कळवलं नाहीस!

पहिल्या दिवशी त्यांनी फक्त सूज उतरायचं औषध दिलं आणि खुर्ची वर-खाली करून दाखवली. दुसऱ्या खेपेला छोटा आरसा त्याच्या हातात दिला. शेठ म्हणाला, ‘आधी तू.’ डॉक्टरताईंनी मास्क काढून आ केला. शेठनं एकेक दात मोजला, ‘एक कमी’ असा निकाल दिला, आणि त्या म्हणाल्या, ‘बरोबर, अक्कलदाढ काढलीय.’ त्या क्षणापासून ते दोघं भागीदार. पुढे दात घासायचं फिरतं यंत्र आधी स्वतःच्या नखावर, मग त्याच्या नखावर, मग एका दातावर. सांगायचं, दाखवायचं, मगच करायचं. चार खेपा गेल्या, पण कुणी त्याचे हात धरले नाहीत.

त्यांच्या किती गोष्टी मी टिपून ठेवल्या! शेठला आहे त्या डाउन सिंड्रोममध्ये दात उशिरा येतात, मुळं आखूड असतात आणि हिरड्या लवकर खराब होतात. कीड नसली तरी दात हलायला लागतो. शेठची दाढ तशीच हलत होती. मानेचे वरचे मणके सैल असू शकतात, म्हणून मान मागे झटकन टाकायची नाही, खाली टॉवेलची गुंडाळी द्यायची. आणि त्याचं हृदयाचं ऑपरेशन आठवतं ना, आपण दोघी शाळा बुडवून इस्पितळाच्या पायरीवर बसलो होतो ते? तेव्हा हृदयाला लावलेल्या ठिगळाच्या कडेला अजून थोडी गळती आहे. हिरडीतले जंतू रक्तातून तिथे जाऊन बसू शकतात, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आल्याशिवाय त्यांनी दाढेला हात लावला नाही. मंगळवारी तासभर आधी अँटिबायोटिक दिलं, आणि दाढ निघाली. शेठनं ती कागदात बांधून खिशात टाकली. विकायची नाही म्हणतो.

घरी आता रात्रीचा सोहळा असतो. ब्रशच्या दांड्याला सायकलच्या हँडलची मूठ बसवलीय, त्यामुळे त्याच्या आखूड बोटांत तो नीट धरला जातो. आधी तो घासतो, मग मी मागे उभी राहते, तो डोकं माझ्या पोटाशी टेकवतो आणि राहिलेले कोपरे मी घासते. परवा आईनं कवळी काढून वाटीत ठेवली, तर हा स्वतःचे दात ओढून बघायला लागला! आईचे निघतात, मग माझे का नाहीत? मग वाटीतले दात मोजून म्हणाला, ‘सगळे आहेत.’ आई हसता हसता एकदम गप्प झाली. नंतर ओट्यापाशी मला म्हणाली, ‘मला नीट शिकव गं ते कोपऱ्यांचं. मी आहे तोवर मी करते.’ मी काहीच बोलले नाही. पण दुसऱ्या रात्रीपासून ती त्याच्यामागे उभी राहते आणि मी बाजूला बसून कंदिलासारखी बॅटरी धरते.

काल त्यानं चकली खाल्ली. उजवीकडून, सावकाश, पण अख्खी. गालावरची चापट बंद झालीय, रात्रभर घोरतो.

भाजणी दळून ठेवलीय, तू आलीस की तळू. शेठ शेजारी बसून विचारतोय, काय लिहिलंस. सांगितलं. तो म्हणतो, ‘तिला लिही, दात घासून ये. मी मोजणार.’

तुझीच